रेशीमकिड्याला काजळीचा घास

आईचा शालू घडीवर फाटला, त्या दिवशी आमच्या घरात रात्रीची जेवणे मुकाट्याने झाली. भाचीचे लग्न आठ दिवसांवर आले होते. ट्रंकेच्या तळाशी मलमलीच्या फडक्यात, वेखंडाच्या पुडीसोबत ठेवलेला शालू आईने बाहेर काढला, पलंगावर पसरला आणि एकदम हात मागे घेतला. घडीची जी रेघ इतकी वर्षे एकाच जागी पडत होती, त्या रेघेवर रेशीम उभे चिरले होते. कोणी ओढले नव्हते, उंदराने कुरतडले नव्हते, कसर लागली नव्हती. जर जशीच्या तशी चकाकत होती आणि तिच्या शेजारचे रेशीम मात्र बोट लावताच विरत होते. शालू चाळीस वर्षांचा. अंगावर चढला असेल जेमतेम पंधरा-वीस वेळा!

वाचकहो, असा अनुभव तुमच्यापैकी अनेकींच्या गाठीशी असेल. कुणाची पैठणी असेल, कुणाचे कांजीवरम, कुणाच्या सासूबाईंनी दिलेला बनारसी. त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात घर करून बसला. रेशमाचा धागा मजबूत म्हणून ओळखला जातो, मग तो पेटीत पडल्या पडल्या असा का मरतो? आणि त्याला जास्तीचे बळ देता येईल का? उत्तर शोधता शोधता मी जाऊन पोचले ती थेट बीजिंगच्या एका प्रयोगशाळेत, म्हणजे अर्थातच कागदोपत्री! तिथल्या संशोधकांनी रेशमाच्या किड्यांना तुतीच्या पानांबरोबर चक्क कार्बन खाऊ घातला होता. आणि किड्यांनी तो खाल्लाही.

अळीच्या पोटातला कारखाना

ही गंमत समजून घ्यायची तर आधी अळीची ओळख करून घ्यायला हवी. तुतीवर वाढणारी रेशमाची अळी अंड्यातून बाहेर पडते तेव्हा मुंगीएवढी असते. पुढचे पंचवीस-सव्वीस दिवस तिला एकच काम, खाणे. चार वेळा ती कात टाकते आणि महिना सरायच्या आत तिचे वजन जवळजवळ दहा हजार पटींनी वाढते. आपल्या तान्ह्या बाळाने हाच वेग धरला तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी! शेवटच्या दिवसांत कीटक संगोपनगृहात गेलात तर पत्र्यावर पाऊस पडावा तसा सरसर आवाज येतो. हजारो अळ्या पाला कुरतडत असतात, त्याचा तो आवाज.

मग एके दिवशी अळी खाणे थांबवते, मान वर करून हलवू लागते. संगोपन करणाऱ्या बाया लगेच ओळखतात की ही आता कोषावर आली, आणि तिला चंद्रिकेवर सोडतात. अळीच्या अंगात दोन लांब ग्रंथी असतात. त्यांत मधासारखे दाट, पातळसर प्रथिन साठलेले असते. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे डोके फिरवत अळी हा द्रव तोंडावाटे ओढत जाते आणि ओढताक्षणी त्याचा धागा होतो. भट्टी नाही, आम्ल नाही, जळका वास नाही. दोन-तीन दिवसांत ती स्वतःभोवती सुमारे एक किलोमीटर लांबीचा अखंड धागा गुंडाळून बसते.

हा धागा खरे तर दोन पदरांचा असतो. आतले पदर फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचे, आणि त्यांना चिकटवून ठेवणारा बाहेरचा डिंक म्हणजे सेरिसिन. कोष उकळत्या पाण्यात टाकतात तो हा डिंक सैल व्हावा म्हणून. फायब्रॉइनच्या साखळ्यांची रचना मोठी मजेदार आहे. काही जागी त्या कपाटातल्या साड्यांच्या चळतीसारख्या एकावर एक नेटक्या बसलेल्या असतात. मधल्या जागी विंचरल्यावर कंगव्यात राहिलेल्या गुंतवळासारख्या. चळतीमुळे धाग्याला ताकद येते आणि गुंतवळामुळे तो ताणला जातो. दोन्ही एकत्र असल्याने, वजनाला वजन लावून पाहिले तर रेशीम साध्या पोलादाला मागे टाकते.

मग शालू का चिरला? कारण ही ताकद ओढण्याविरुद्धची आहे. ऊन आणि घाम यांच्याविरुद्धची नाही. उन्हातली अतिनील किरणे प्रथिनांच्या साखळ्या हळूहळू तोडतात. घाम, अत्तर, जुना डाग आपले काम करत राहतात. एकाच रेघेवर वर्षानुवर्षे पडलेली घडी म्हणजे तर तार पुन्हापुन्हा वाकवून तोडण्यासारखाच प्रकार. त्यात धातूची जर शेजारी घासत असेल तर बघायलाच नको.

विटेत तूस, चाकात काजळी

ठिसूळ किंवा मऊ पदार्थात दुसरे काही मिसळून त्याला बळकटी आणायची, ही युक्ती आपल्या आजोबा-पणजोबांना चांगली ठाऊक होती. मातीच्या भिंती लिंपताना चिखलात भुसा किंवा तूस घालून तो पायांनी तुडवायचे. नुसत्या मातीला वाळताना भेगा पडतात. तुसाची काडी भेगेच्या आड येते, भेग तिथेच अडते. शास्त्रज्ञ आज ज्याला मोठमोठी नावे देतात, त्याच्या मुळाशी एवढेच आहे.

निसर्गातून मिळणाऱ्या पदार्थाला कार्बनने बळ देण्याचे उदाहरण तर रोज आपल्या दारात उभे असते. स्कूटरचे, रिक्षाचे, एस.टी.चे चाक पाहा. रबर हा झाडाचा चीक. केरळातल्या बागांत झाडाच्या सालीला चरा पाडून करवंटीत जमवतात तो. हा चीक पांढरा आणि त्याचे रबर फिकट. मोटारगाड्या नव्या होत्या तेव्हा त्यांचे टायरही फिकटच असत आणि ते भराभर झिजत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रबरात काजळी मिसळून पाहिली गेली, आणि १९१० च्या सुमारास अमेरिकेत तसे टायर निघू लागले. झीज कितीतरी कमी झाली. टायर काळा असतो तो त्या काजळीमुळे. डोळ्यात काजळ घालतो त्याचेच हे कारखान्यात बनवलेले भावंड. तिचे मूळ कण नॅनोमीटरमध्ये मोजावे लागतील इतके बारीक असतात. म्हणजे ‘नॅनो’ हा शब्द कुणाच्या ओठी नव्हता, तेव्हापासून जग नॅनोच्या जोरावर धावत होते!

नॅनोमीटर म्हणजे किती? एका मिलिमीटरचे दहा लाख भाग करा, त्यातला एक. आपला केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाडीचा असतो.

काजळी म्हणजे कार्बनचे वेडेवाकडे गोळे. पण हाच कार्बन शिस्तीत बसला तर काय करतो, ते १९९१ साली जगापुढे आले. जपानचे सुमिओ इजिमा कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पाडून जमलेला थर सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. त्यात त्यांना कार्बनच्या पोकळ नळ्या दिसल्या, केसाच्या हजारो पट बारीक. यांना म्हणतात नॅनोट्यूब. पुढे २००४ साली मँचेस्टरमध्ये आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी पेन्सिलीत असते तसल्या ग्रॅफाइटला चिकटपट्टी लावून ती पुन्हापुन्हा सोलली आणि अखेर अवघ्या एका अणूच्या जाडीचा पापुद्रा हाती आला. तो ग्राफीन. या चिकटपट्टीच्या करामतीला २०१० चे नोबेल पारितोषिक मिळाले. नॅनोट्यूब म्हणजे हाच पापुद्रा सुरळी केलेला, असे समजायला हरकत नाही. ओढून तोडायचे म्हटले तर ग्राफीन पोलादाच्या शंभर पटींहून जास्त ताण सहन करते.

चिखलातल्या तुसाच्या जागी ही असली काडी मिळाली, तर कुणाला मोह होणार नाही?

अडचण एकच होती. कार्बनच्या नळ्यांना पाणी आवडत नाही. पाण्यात टाकल्या की त्या एकमेकींना चिकटून गोळे होतात आणि गोळा झालेली काडी भेग अडवण्याऐवजी स्वतःच भेगेची सुरुवात ठरते. शिवाय कारखान्यात रेशमात कार्बन घालायचा तर आधी कोष तीव्र रसायनात विरघळवायचे, त्यात कार्बन मिसळायचा आणि पुन्हा धागा ओढायचा. एवढे करून अळीच्या तोडीचा धागा माणसाला अजून सहजी जमत नाही. तेव्हा कुणाच्या तरी मनात आले, की मिसळण्याचे काम अळीलाच का देऊ नये?

पानावरचा फवारा

पहिला बोलबाला झाला तो कोळ्यांचा. इटलीतल्या ट्रेंटो विद्यापीठाचे निकोला पुग्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरातल्या कोपऱ्यांत दिसतात तसल्या लांब पायांच्या कोळ्यांना नॅनोट्यूब किंवा ग्राफीन मिसळलेले पाणी दिले. २०१५ साली त्यांनी हे निकाल प्रथम मांडले आणि २०१७ साली ते रीतसर प्रसिद्ध झाले. काही कोळ्यांचा धागा नेहमीपेक्षा तिपटीपर्यंत बळकट निघाला. मात्र हेही सांगायला हवे, की काहींचा धागा उलट कमी प्रतीचा निघाला. सगळ्यांनी सारखेच काम केले नाही.

पण कोळी पाळणार कसे? ते एकमेकांनाच खातात. लंडनच्या एका संग्रहालयात २०१२ साली कोळ्याच्या सोनेरी रेशमाचा एक झगा मांडला होता. मादागास्करमधल्या बारा लाख कोळ्यांचा धागा त्यासाठी ओढून घ्यावा लागला होता. एका झग्याला बारा लाख! तेव्हा कोळ्याचे कौतुक करावे आणि वळावे ते आपल्या तुतीच्या अळीकडेच. माणसाने तिला हजारो वर्षे माणसाळवले आहे, इतके की तिच्या पतंगाला आता उडताही येत नाही.

चीनमध्ये अळ्यांना नॅनोट्यूब चारून पाहण्याचा एक प्रयोग २०१४ सालीच प्रसिद्ध झाला होता. मात्र सगळ्यांचे लक्ष वेधले ते बीजिंगच्या त्सिंगह्वा विद्यापीठातल्या यिंगयिंग झांग यांच्या गटाने २०१६ साली केलेल्या कामाने. त्यांची कृती आपल्या स्वयंपाकघरातल्या कृतीइतकी सोपी वाटते. पाण्यात वजनाने ०.२ टक्के नॅनोट्यूब किंवा ग्राफीन मिसळायचे, म्हणजे लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम. ते पाणी तुतीच्या पानांवर फवारायचे. पाने अळ्यांना घालायची. पुढचे सगळे नेहमीसारखे. कोष तयार झाले की ते उकळून धागा काढायचा.

हा धागा ओढून पाहिला तेव्हा तुटण्याआधी त्याने साध्या रेशमापेक्षा किमान ५० टक्के जास्त ताण सोसला. शिवाय तो जास्त ताणलाही गेला. असे का झाले, हे पाहताना संशोधकांना एक वेगळी गोष्ट आढळली. आधी सांगितलेली ती साड्यांची चळत आणि तो गुंतवळ आठवतो ना? कार्बन आडवा आल्यामुळे गुंतवळाची चळत होण्याच्या क्रियेत अडथळा येत होता. त्यामुळे धाग्यात सैल भाग जरा जास्त राहिला आणि धागा चिवट झाला. म्हणजे कार्बन इथे नुसता तुसाच्या काडीसारखा वागत नाही. प्रथिन कसे बसावे यातही तो हात घालतो.

पुढे त्यांनी हे रेशीम १०५० अंश सेल्सिअसला तापवले. हवेशिवाय तापवल्याने ते जळून राख होत नाही, लाकडाचा कोळसा पडावा तसा रेशमाचा कोळसा पडतो. कार्बन खाल्लेल्या अळीच्या रेशमाचा हा कोळसा साध्या रेशमाच्या कोळशापेक्षा चांगला वीजवाहक निघाला. अंगावरच्या कपड्यातच नाडीचे ठोके मोजणारी साधने विणावीत, अशी स्वप्ने पाहणाऱ्यांना असला धागा हवा असतो. दुसरीकडे शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी रेशीम पूर्वीपासून वापरात आहेच. तेव्हा बळकट रेशमाची वाट पाहणारे लोक साडीवाल्यांपेक्षा वेगळे आहेत, हे मनाशी नोंदवून ठेवू.

पुण्याचा गुलाबी धागा

अळीला काहीही खाऊ घाला, ते धाग्यात उतरेलच असे मात्र नाही. याचा उत्तम धडा आपल्या पुण्यातच मिळाला आहे. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अनुया निसळ आणि सहकाऱ्यांनी म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेच्या साथीने एक प्रयोग केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. कापड रंगवताना भरमसाट पाणी लागते आणि रंगीत सांडपाणी नदी-नाल्यांत जाते. ते टाळायला अळीलाच रंग खाऊ घातला तर? त्यांनी अशा सात रंगांची परीक्षा घेतली. डिंक धुऊन काढल्यावरही आतल्या धाग्यात टिकून राहिला तो त्यांतला एक रंग. त्याने दिला फिकट, सुरेख गुलाबी धागा!

बाकीच्यांचे काय झाले? जो रंग पाण्यात फार सहज मिसळतो किंवा जो पाण्याला फारच फटकून असतो, तो धाग्यापर्यंत पोचत नाही. दोन्हींचा नेमका तोल साधणारा रंगच अळीच्या पोटातून ग्रंथीत आणि ग्रंथीतून धाग्यात शिरतो. अळी म्हणजे नुसती नळी नव्हे. तिचे आतडे चाळणीसारखे निवड करते. काय ठेवायचे, काय टाकायचे, ते तीच ठरवते.

कार्बनच्या बाबतीतही तसेच झाले. बीजिंगच्या अळ्यांनी खाल्लेला काही कार्बन रेशमात गेला आणि काही त्यांच्या विष्ठेत. मला विचाराल तर या सगळ्या कथेतले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य हेच आहे. बातम्यांत ते शेवटून दुसऱ्या परिच्छेदात येते, किंवा येतच नाही.

ही विष्ठा जाते कुठे? चीनमधल्या प्रयोगशाळेत ती काचेच्या बशीत गोळा झाली असेल. आपल्याकडे काय होते पाहा. बीड, जालना, धाराशिव या कोरडवाहू भागांत गेल्या काही वर्षांत तुतीची लागवड बरीच वाढली. पूर्वी कोष विकायला शेतकरी कर्नाटकात रामनगरपर्यंत जात. २०१८ साली जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली तेव्हा कितीतरी जणांची ती खेप वाचली. या शेतकऱ्यांना रेशीम परवडते त्याचे एक कारण असे, की त्यात काहीच वाया जात नाही. अळ्यांची विष्ठा आणि उरलेला काडीकचरा खताच्या खड्ड्यात जातो. अळ्यांनी टाकलेला पाला शेळ्या आणि दुभती जनावरे खातात. तिकडे आसामात एरी रेशमाचे कोशित तर माणसे आवडीने खातात. ती अळी वेगळी, पाला वेगळा, पण रीत तीच. पानावर फवारलेला कार्बन धाग्यात थोडाच शिरणार असेल, तर उरलेला या वाटांनी खतात, गोठ्यात आणि कदाचित ताटातही येणार. त्याचा हिशेब धाग्याच्या ताकदीबरोबरच मांडायला हवा.

तो पाला घालतो कोण, हाही प्रश्न आहे. दिवसातून दोन-तीनदा फांद्या पसरणे, खालचा कचरा काढणे, चुना टाकणे, पिकलेल्या अळ्या वेचणे ही कामे बहुतेक ठिकाणी घरातल्या बायाच करतात, बऱ्याचदा पदराने नाक झाकून. ओल्या फवाऱ्यातला कार्बन पाण्यात असतो तोवर फारसा उडत नाही. पण पान सुकले, कचरा झाडला, की त्याची धूळ होते.

या धुळीविषयी शास्त्रज्ञ उगाच घाबरवत नाहीत. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले, की काही लांब, ताठ नॅनोट्यूब उंदरांच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या तर ॲस्बेस्टॉसच्या तंतूंनी होते तशी दाहक सूज येते. आखूड किंवा गुंतलेल्या नळ्यांनी मात्र तसे झाले नाही. पुढे २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशा लांब नळ्यांच्या एका विशिष्ट प्रकाराची गणना, माणसाला कर्करोग होण्यास कदाचित कारणीभूत ठरू शकणाऱ्या पदार्थांत केली. इतर प्रकारांबद्दल निर्णय द्यायला पुरावा अपुरा आहे, असे तिने म्हटले. बीजिंगच्या प्रयोगातल्या नळ्या वेगळ्या जातीच्या होत्या, ग्राफीन तर आणखी वेगळे, त्यामुळे सगळ्यांना एकाच दोरीने बांधणे अन्यायाचे होईल. पण ॲस्बेस्टॉसचे पत्रे आपण किती वर्षे निर्धास्तपणे डोक्यावर घेऊन बसलो होतो, हे विसरणेही बरे नव्हे. तिथेही माल सुरेख होता. सोसले ते तो दळणाऱ्यांनी आणि कापणाऱ्यांनी.

अळी स्वतः किती नाजूक असते पाहा. शेजारच्या शेतात कीटकनाशकाचा फवारा झाला आणि वारा इकडचा असला, तर एका रात्रीत संगोपनगृह आडवे होते. तंबाखूचे हात पाल्याला लागलेले चालत नाहीत. म्हणूनच पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आश्चर्य वाटले, की हीच अळी कार्बन पचवून कोष करते! पण अळी महिनाभर जगते. तिला जे सोसले ते तिची देखभाल करणाऱ्या बाईला वीस वर्षे सोसेल, असे अळीवरून ठरवता येत नाही.

रेशमात भर घालण्याचा जुना धंदा

इथे मला एक जुनी हकिकत आठवते, जी वस्त्रसंग्रहालये चालवणाऱ्यांना फार छळते. रेशीम पूर्वी वजनावर विकले जाई. डिंक धुऊन काढला की त्याचे वजन जवळपास पाव हिस्सा घटते. व्यापाऱ्याच्या पोटात दुखणारच! मग युरोप-अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही घट भरून काढायला रेशमाला कथिलाचे, लोखंडाचे क्षार पाजण्याची पद्धत पडली. कापड जड होई, छान पडे, आणि त्याची ती सळसळ गिऱ्हाइकांना फार आवडे. दुकानात कुणाला त्यात खोट दिसली नाही. पण ते क्षार रेशमाला आतून खात राहिले. त्या काळचे झगे आज संग्रहालयांतल्या खणांत जागच्या जागी फाटतात, पट्ट्यापट्ट्यांनी. त्याहून कितीतरी जुने, भर न घातलेले रेशीम शेजारच्याच खणात धडधाकट असते.

कार्बन काही कथिलाच्या क्षारासारखा वागेल असे नाही. तो रासायनिकदृष्ट्या बराच शांत असतो. त्यातून रबराच्या बाबतीत काजळी उन्हापासून संरक्षणही करते. पण प्रयोगशाळेत धागा ओढून तोडतात तो आज, ताजा. तो घामाने, उन्हाने, घडीने तीस-चाळीस वर्षांनी कसा वागेल, हे आजच्या ओढण्यावरून कळत नाही. मजबूत आणि टिकाऊ हे दोन शब्द आपण बोलताना एकाच श्वासात वापरतो. आमच्या शालूने मला त्यांच्यातला फरक दाखवला.

दरम्यान दुसऱ्या बाजूनेही शर्यत सुरू आहेच. २०२३ साली शांघायच्या दोंगह्वा विद्यापीठातल्या संशोधकांनी रेशमाच्या अळीच्या जनुकांत बदल करून तिच्याकडून कोळ्याच्या रेशमाचे प्रथिन विणून घेतले. त्याचा चिवटपणा बंदुकीच्या गोळीपासून बचाव करणाऱ्या जाकिटातल्या केव्हलारच्या सहापट भरला, असे त्यांनी मांडले आहे. तिथे कार्बनची धूळ नाही. पण बदललेल्या जनुकांचे वेगळे प्रश्न आहेत, आणि ते या लेखात मावणार नाहीत.

भारतापुरते बोलायचे तर चीनखालोखाल सर्वांत जास्त रेशीम आपण पिकवतो. तुती, टसर, एरी आणि मुगा ही चारही रेशमे पिकवणारा देश तर आपण एकटेच. विदर्भात भंडारा, गडचिरोलीकडे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या उघड्या रानात वाढतात. तिथे पानांवर फवारा मारणे म्हणजे रानातच फवारा मारणे. म्हणून हे तंत्र आपल्याकडे कधी आलेच, तर ते आधी बंद खोलीत, हातमोजे आणि मुखपट्टी लावून, विष्ठेचा वेगळा हिशेब ठेवून यावे, असे मला वाटते. टाके, पट्ट्या, वीज वाहणारे धागे अशा थोड्या पण मोलाच्या मालासाठी हे परवडेलही. फवारणीचा पंप पाठीवर बांधून बांधावर उतरण्याचे हे काम नव्हे. आणि लग्नाच्या साडीसाठी तर आज त्याची गरजच दिसत नाही. शालूचा शत्रू ओढणारा हात कधीच नव्हता.

हो, शालूचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिलेच. रफूवाल्याने तो उजेडात धरला, चिरेच्या दोन्ही बाजू बोटांनी चाचपल्या आणि मान हलवली. टाका धरून ठेवायला शेजारच्या रेशमात जीवच उरला नव्हता. भाचीच्या लग्नात आई दुसरी साडी नेसली. शालूच्या धडक्या भागातून पुढे नातीसाठी परकर-पोलके शिवले आणि काठाची एक पट्टी देवघरातल्या चौरंगावर आली. आता घरातल्या उरलेल्या रेशमी साड्या आम्ही दर दसऱ्याला बाहेर काढतो, सावलीत तासभर वारा देतो आणि घडी जुन्या रेघेपासून चार बोटे सरकवून नव्याने घालतो. जरीचा पदर आत येऊ देत नाही. त्या दिवशी आई पलंगावर बसून प्रत्येक घडी स्वतः तपासते, आणि एखादी सून जुन्याच रेघेवर घडी घालताना दिसली, की तिचे काही खरे नसते!